कोरड्या लेनवरचा गुळगुळीत गोळा

जुना झालोय, पण अजून गुळगुळीत आहे. मित्रांनो, मी बोलिंगचा गोळा. बोलिंग म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे क्रिकेटचं मैदान आलं असेल, तर ते आधी पुसून टाका. मला कुणी हवेत फेकत नाही, मी टप्पा खात नाही. मी घरंगळतो. एका लांबलचक लाकडी पट्टीवरून, जिला सगळे लेन म्हणतात, मी घरंगळत जातो आणि पलीकडे उभ्या असलेल्या पांढऱ्या पिना पाडतो. लेनच्या दोन्ही कडांना चर खणलेले असतात. त्यांना गटर म्हणतात. तिथे पडायला मला का आवडत नसेल, ते नावावरूनच कळलं असेल.

खरं सांगू का, मला पुष्कळ गोष्टींची किळस येते. माझी जातच अशी की माणसं आमच्या पोटात बोटं घालतात. चाटलेली, वेफर खाल्लेली, नुकतंच नाक पुसलेली. तुमच्या भावंडांच्या पोटात अशी बोटं जाताना रोज पाहिली असती, तर तुम्हीही माझ्यासारखेच तिरसट झाला असतात.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. आधी माझा गाभा बनला. मग तो साच्यात ठेवून भोवती पातळ प्लास्टिक ओतलं. त्याचा वास इतका उग्र की कामगार नाकाला फडकं बांधून वावरायचे. मी घट्ट झाल्यावर मला घासलं, पुन्हा घासलं आणि शेवटी पॉलिश केलं. तेव्हा कुठे माझा जांभळा रंग आणि त्यातली पांढरी वलयं उजळली. एका कामगाराने मला उचलून माझ्यात स्वतःचा चेहरा पाहिला आणि दातात अडकलेलं काहीतरी नखाने काढलं. जगात आल्यावर मला दिसलेलं पहिलं दृश्य ते.

पुढे मी एका दुकानाच्या फळीवर येऊन बसलो. नवीन गोळ्याला भोकं नसतात. ज्याने घेतला त्याच्या बोटांच्या मापाने ती पाडतात. त्यामुळे तिथे लोक मला नुसते थोपटायचे. पण थोपटणारे हात काही स्वच्छ असतात असं नाही.

एके दिवशी दुकानात एक बाई आल्या. त्यांच्या घरचं काचांचं दुकान होतं आणि खिडक्यांच्या काचा त्या स्वतः कापायच्या. बोटांवर बारीक बारीक जुने व्रण होते, पण हात असे लख्ख की मी मनातल्या मनात त्यांच्याकडे सरकलो. सोबत त्यांचे दीर होते. केस तेल लावून चापून बसवलेले, कपाळापर्यंत तेल उतरलेलं. काचेच्या दुकानाचा एक बोलिंगचा संघ होता आणि त्याचे ते कप्तान. घरीदारी सगळे त्यांना कप्तानच म्हणत. बाई तेवढ्या भावोजी म्हणत.

"खेळता कुठे?" दुकानदाराने विचारलं. "तिथल्या लेन कशा आहेत?"

"कोरड्या ठणठणीत," बाई म्हणाल्या. "मालक तेल मारतात की लेनला नुसता वास दाखवतात, देव जाणे."

मित्रांनो, लेनवर तेलाचा पातळ हात फिरवलेला असतो. तेल असेल तर गोळा आधी छान सरकतो आणि शेवटी वळतो. तेल नसेल तर लाकूड गोळ्याला लगेच धरतं. मग गोळा नको तिथे वळतो, वळत राहतो, आणि पिनांपर्यंत पोचतो तेव्हा त्याच्यात जीव उरलेला नसतो.

दुकानदाराने बाईंपुढे दोन गोळे ठेवले. एक मी, आणि दुसरा काळपट, खरखरीत, महागड्या दिमाखाचा.

"हा खरखरीत आहे ना, तो तेलकट लेनचा राजा," दुकानदार म्हणाला. "तेलातसुद्धा पकड घेतो. पण कोरड्यावर टाकाल तर तो जागच्या जागी वळेल. तुम्हाला वरून घोटलेला, साध्या प्लास्टिकचा घ्यायला हवा. त्याला लाकूड धरत नाही. दिसायला साधा आहे, पण सरळ जाईल."

"वहिनी, असले बॉल लहान मुलांच्या वाढदिवसाला देतात," कप्तान हसले. "मी तर हा काळा घेणार. बॉल कसा गर्रकन वळला पाहिजे!"

"भावोजी, तो गर्रकन वळून गटरात जाईल."

"मनगटात दम असला की जात नाही."

बाईंनी माझ्या अंगावरून तळवा फिरवला. काच तपासतात तसा, हळू, खडा कुठे लागतोय का ते बघत. "काचेसारखा आहे," त्या म्हणाल्या. "मला हाच द्या."

माझ्या आयुष्यात मला कुणी पहिल्यांदा निवडलं, ते असं.

त्यानंतरची वर्षं सुखाची गेली. बाईंच्या बोटांच्या मापाची भोकं माझ्यात पडली आणि त्यात दुसऱ्या कुणाचं बोट कधी गेलं नाही. प्रत्येक खेळीनंतर त्या मला मऊ फडक्याने पुसायच्या आणि ते फडकं घरी नेऊन धुवायच्या. त्या हॉलमध्ये असं करणाऱ्या त्या एकट्याच. बाकी काय सांगू? पिनांच्या मागून गोळे ज्या बोगद्यातून परत येतात, त्या बोगद्यात काळं वंगण लोंबत असतं, त्यात केस अडकलेले असतात, आणि कुणीतरी चघळून चिकटवलेला च्युइंगम तर आमच्या हॉलमध्ये मी आल्यापासून तसाच होता.

पण लेनवर गेलो की मी सगळं विसरायचो. कोरडं लाकूड माझ्या अंगाला लागायचं आणि मी न अडखळता निसटायचो. "बाईंचा बॉल बघ, दोरी धरल्यासारखा जातो," लोक म्हणायचे. कप्तानांचा काळा गोळा मात्र अर्ध्या वाटेतच मान फिरवायचा. कधी पिना पडायच्या, बहुतेक वेळा गटर. गटर झालं की कप्तान बोटांवर थुंकायचे, आपल्या टॉवेलला पुसायचे आणि म्हणायचे, "लेनच खराब आहे!" तो टॉवेल मी आयुष्यात एकदाही धुतलेला पाहिला नाही. बाकावर तो माझ्या पिशवीला टेकून असायचा. त्याच्या वासाने मला मळमळायचं.

एका वर्षी आमचा संघ शहराच्या अंतिम सामन्यात पोचला. समोर होता रुग्णालयातून निवृत्त झालेल्या लोकांचा संघ. त्यांच्यात एक सिस्टर होत्या. आखूड पांढरे केस, ताठ पाठ, आणि नजर अशी की हॉलमधली पोरं त्यांना पाहून आपोआप पाय खाली घ्यायची. त्यांचा गोळाही माझ्यासारखाच घोटीव होता आणि त्या फार सुंदर खेळायच्या. टाकताना आवाज म्हणून होत नसे.

त्या दिवशी लेनला तेल लावायचं यंत्र बंद पडलेलं होतं. जे काही थोडं तेल होतं, ते सकाळच्या सामन्यांनी पुसून नेलं. दुपारी आमची पाळी आली तेव्हा लेन वाळवंटासारख्या झाल्या होत्या. कप्तानांचा गोळा गटरात गेला. पुन्हा टाकला, पुन्हा गटरात. मीसुद्धा थोडा थोडा ओढला जाऊ लागलो. बाई जागा बदलून, एक पाऊल सरकून टाकायच्या, म्हणून निभावत होतं. दोन्ही संघ अगदी बरोबरीने चालले होते. बाईंचे यजमान मागच्या बाकावर बसून नखं खात होते.

कप्तान त्यांच्या पिशवीपाशी गेले. परत आलेले गोळे जिथे थांबतात त्या चौकटीवर मी बसलो होतो, तिथून मला सगळं दिसत होतं. त्यांनी केसांच्या तेलाची बाटली काढली. तिच्या बुचाला एक केस चिकटलेला होता. इकडेतिकडे पाहत त्यांनी ते तेल टॉवेलवर ओतलं. सामना चालू असताना गोळ्याला काहीही लावायला सक्त बंदी असते, हे त्यांना ठाऊक होतं. ते कप्तान होते ना!

आधी त्यांनी स्वतःचा गोळा पुसला. खरखरीत गोळ्याच्या अंगाला बारीक छिद्रं असतात. तो ते तेल गटागटा प्यायला आणि पुन्हा कोरडा तो कोरडाच. मग त्यांची नजर माझ्यावर पडली.

मित्रांनो, मला तोंड नाही. असतं तर मी त्या क्षणी हॉल डोक्यावर घेतला असता. तो ओला, आंबलेला, गोड वासाचा टॉवेल माझ्या सगळ्या अंगावरून फिरला. थुंकी, घाम, केस आणि तेल. माझं अंग घोटीव, ते काही पीत नाही. सगळं तेल वरच राहिलं आणि खाली गोळा होऊन थेंब धरू लागलं.

बाई आल्या, त्यांनी मला उचललं. हात जरा घसरला, तशा त्या थबकल्या. "अहो, हा ओला कसा?"

"मी पुसलाय वहिनी. टाका, टाका, वेळ जातोय," कप्तान म्हणाले.

बाईंनी हात मागे नेला. झोक्याबरोबर माझ्या अंगावरचं तेल खाली टपकलं, जिथे खेळणारे पावलं टाकतात बरोबर तिथे. मी सुटलो तो विनासायास गेलो आणि एकूण एक पिन आडवी केली. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. इतक्या टाळ्या मला कधीच मिळाल्या नव्हत्या, आणि इतकी शिसारीही कधी आली नव्हती.

दोन्ही संघ एकाच लेनवर आळीपाळीने खेळतात. पुढची पाळी सिस्टरची. मी बोगद्यातून परत येत होतो तेव्हा वरून आवाज आला, आधी धप्प असा, आणि मग एक किंकाळी. मी बाहेर पडलो तर सिस्टर लाकडावर पडलेल्या होत्या. उजवं मनगट नको त्या दिशेला वळलं होतं. त्यांनी स्वतःच ते डाव्या हाताने धरलं आणि सांगितलं, "हलवू नका. मोडलंय. एखादी फळी आणा, बांधायला."

लोक धावले. गडबडीत कप्तानांनी पायाने आपला टॉवेल त्या थेंबांवर ओढला आणि बुटाने दाबला. मग हळहळल्यासारखा चेहरा करून म्हणाले, "वय झालं की असं होतंच. म्हाताऱ्या माणसांनी खरं तर खेळूच नये."

बाई माझ्याजवळ उभ्या होत्या. त्यांनी स्वतःच्या तळव्याकडे पाहिलं. मग तळवा नाकाशी नेला.

"भावोजी," त्या म्हणाल्या, "तुमच्या केसांचा वास माझ्या हाताला कसा काय आला?"

कप्तान जवळ सरकले. "वहिनी, हळू बोला. विजेतेपदाची ढाल हातात आलीय आपल्या."

"त्यांचा हात मोडलाय."

"मी मोडला का? पाय त्यांचा घसरला."

बाईंनी यजमानांकडे पाहिलं. ते बाकावरून उठून आले होते आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं. "घरी गेल्यावर बोलू," ते पुटपुटले. "घरातली गोष्ट आहे. चारचौघांत कशाला?"

बाईंचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येत नाही. सडकं काहीतरी चुकून तोंडात गेल्यासारखा झाला. त्यांनी मला दोन्ही हातांनी छातीशी धरलं, नवा पांढरा सदरा डागाळला तरी पर्वा केली नाही, आणि सरळ पंचांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"याला बोट लावून बघा," त्या म्हणाल्या. "आमच्या संघाने तेल लावलंय. ते जमिनीवर सांडलं, त्यावरून त्या पडल्या. आता त्या टॉवेलखाली आहे."

पंचांनी बोट लावलं, मग टॉवेल उचलला. खालचं चकाकतं तेल अख्ख्या हॉलला दिसलं. मग कुणीतरी "शी!" म्हणालं. ते एकच अक्षर, पण अख्ख्या संघाच्या तोंडावर बसलं. आमचा संघ बाद झाला. पुढच्या हंगामालाही बंदी आली.

त्यानंतर घरात कुणी धड बोलेना. कप्तान म्हणाले, वहिनींनी घराण्याचं नाक कापलं. यजमान म्हणाले, जरा दमानं घ्यायला हवं होतं. बाई कप्तानांचा टॉवेल तेवढा चिमट्याने उचलून बादलीत टाकायच्या.

आणि मी? मला बाईंनी होता तसा, तेलाने माखलेलाच, पिशवीत घातला आणि जुन्या बुटांच्या कपाटात ढकलला. त्यांना मला हात लावायचीसुद्धा किळस वाटत होती. ज्या हातांनी मला निवडलं, त्यांनीच तोंड फिरवलं. माझी काय चूक होती, हे मी त्या अंधारात बुटांना विचारत राहिलो. बुटांना घामाचा दर्प येत होता. माझ्यावरचं तेल चिकट झालं, त्यावर धूळ बसली, धुळीवर लव उगवल्यासारखे तंतू चिकटले. शेवटी एका झुरळाने माझ्या अंगठ्याच्या भोकात अंडी घातली. याहून खाली काय जायचं राहिलं होतं!

बाई मात्र सिस्टरकडे गेल्या होत्या. ते मला पुढे त्यांच्या बोलण्यातून कळलं. पहिल्या खेपेला सिस्टरनी दारातच विचारलं, "तू का आलीस? तू सांडलं होतंस?"

"नाही. पण माझ्या हातून..."

"मग माफी मागू नकोस. ज्याने सांडलं त्याला पाठव."

कप्तान गेले नाहीत. आजतागायत गेले नाहीत. त्यांनी दुसऱ्या भागातला हॉल धरला. तिथल्या लेन तेलकट असतात, त्यांचा काळा गोळा तिथे झकास चालतो आणि म्हणे ते बक्षिसंही मिळवतात. हे ऐकून तुम्हाला राग आला असेल. मला ओकारी येते.

बाई मात्र सिस्टरकडे जात राहिल्या. हात बांधलेला असताना त्यांची भांडी घासून द्यायच्या, खिडकीची तडकलेली काच बदलून दिली. पट्टी सुटली तेव्हा मनगट जरा वाकडंच जुळलेलं निघालं. अंगठा पुरता वळेना. उजव्या हाताने गोळा धरणं संपलं.

आणि एका सकाळी सिस्टर बाईंच्या घरी आल्या. कपाटाबाहेर मला त्यांचा आवाज आला.

"तुझा तो जांभळा बॉल कुठाय?"

"आहे बुटांच्या कपाटात. मला त्याच्याकडे बघवत नाही हो सिस्टर. शिसारी येते."

"त्याची? त्याने काय केलंय?"

दार उघडलं. माझ्यावर उजेड पडला आणि मला स्वतःची लाज वाटली. सिस्टरनी वाकून मला पाहिलं, डाव्या हाताने भोकातलं जाळं बाजूला केलं आणि म्हणाल्या, "झुरळ आहे. कोमट पाणी आण, साबण आण, आगकाडी आण. आणि तोंड वाकडं करायचं नाही."

मोरीत त्यांनी मला बादलीत बसवलं. बाई एका बाजूने, सिस्टर दुसऱ्या बाजूने. पाणी आधी काळं झालं, मग तपकिरी. आगकाडीने भोकं कोरली तेव्हा जे बाहेर आलं ते मी सांगत नाही, तुमचं जेवण व्हायचं असेल. बाईंनी मधेच नाक दाबलं. त्या मान खाली घालून घासत राहिल्या, तशी सिस्टर म्हणाल्या, "अगं, उभ्या जन्मात मी लोकांचं काय काय धुतलंय. हातांनी. तुला सांगितलं तर तू घर सोडून पळशील. पण धुतलं की ते गेलं, संपलं. मला किळस फक्त एकाच गोष्टीची येते. घाण दिसत असताना वरून कपडा टाकतात ना, त्याची."

बाईंनी पाणी बदललं. तिसऱ्या पाण्यात माझी पांढरी वलयं दिसायला लागली.

"आता हा मला दे," सिस्टर म्हणाल्या.

बाई बघतच राहिल्या. "तुम्हाला? हाच?"

"मग दुसरा कुठला? त्या हॉलच्या लेन काही सुधारणार नाहीत, मालक तोच आहे. मी आता डाव्या हाताने शिकणार. नव्या हाताला पीळ देता येत नाही, तो जेमतेम सरळ टाकेल. कोरड्या लेनवर सरळ टाकायचं तर असाच घोटलेला हवा. शिवाय तुझा बॉल वजनाला हलका आहे, माझा जुना आता झेपायचा नाही. आणि तूही चल माझ्याबरोबर. घरात बसून टॉवेल किती दिवस चिमट्याने उचलणार आहेस?"

बाईंना हसू फुटलं. त्या सामन्यानंतर मी त्यांचं हसू पहिल्यांदाच ऐकलं.

आम्ही तिघं पुन्हा त्या दुकानात गेलो. दुकानदाराने माझी जुनी भोकं पातळ प्लास्टिकने भरली. बाईंच्या बोटांची जागा अशी बुजत गेली तेव्हा मला कसंतरी झालं, ते कबूल करायला हवं. मग त्याने सिस्टरच्या डाव्या हाताचं माप घेतलं आणि नवी भोकं पाडली. भरलेल्या जागी अजूनही जरा वेगळी छटा दिसते. पुन्हा घासून, पॉलिश करून त्याने मला हातात दिलं, तेव्हा सिस्टरनी माझ्यात चेहरा पाहिला नाही. त्यांनी मला कोरड्या फडक्याने पुसलं आणि फडकं उलटून बघितलं, डाग पडतो का म्हणून.

त्यांची पहिली डाव्या हाताची फेक थेट गटरात गेली. दुसरीही. बाई शेजारच्या लेनवर हॉलच्या गोळ्याने खेळत होत्या, त्यांनी घाबरून पाहिलं. सिस्टर म्हणाल्या, "बघतेस काय? लहान मूल चालायला लागलं की पडतंच." मी बोगद्यातून, त्याच लोंबत्या वंगणातून परत येत राहिलो, आणि त्या दर वेळी मला पुसत राहिल्या. काही दिवसांनी एक पिन पडली, मग कोपऱ्यातल्या दोन. आज सिस्टर पूर्वीइतक्या खेळत नाहीत. पण जेव्हा त्या मला सोडतात, तेव्हा कोरड्या लाकडावरून मी पुन्हा दोरी धरल्यासारखा जातो.

मित्रांनो, माझं म्हातारपण बरं चाललंय. तुमच्याकडून फार काही नको. दुसऱ्याच्या हातात जाणारी वस्तू पुसून ठेवत जा, आणि पुसायचं फडकं अधूनमधून धूत जा. मळलेल्या वस्तूला कपाटात कोंडू नका, तिला पाण्याखाली धरा. आणि तुमच्या हातून जमिनीवर कधी काही सांडलं, तर त्यावर पाय देऊन उभे राहू नका. मोठ्याने सांगा. रागावतील, हसतील, "शी" म्हणतील, म्हणू देत. तुमच्या मागून कुणीतरी चालत येत असतं.